जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना डोक्यावरचे नाव शेवटी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल बघायला गेलेला माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, मग दहा पावले चालवतो, खांदा चाचपतो आणि मालकाने सांगितलेले वय सगळ्यात शेवटी ऐकतो. मिरजेत तंबोरा घेणारा जवारीवरचा दोरा मागेपुढे सरकवून नाद ऐकतो आणि मगच भावाचे बोलतो. त्याच आपल्या सांगली जिल्ह्यात जुनी इलेक्ट्रिक गिटार मात्र मोबाइलवरचे तीन फोटो आणि डोक्यावरचे (खुंट्या बसतात त्या टोकावरचे) नाव बघून घेतली जाते. आम्ही काही जण ही वाद्ये वाजवतो, काही जण दुरुस्त करतो. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या तक्रारी विकत घेताना पंधरा मिनिटे बघितले असते तर टळल्या असत्या, म्हणून हे पत्र.

दिवाळीची सुट्टी आणि कॉलेजांची गॅदरिंग जवळ आली की अशा गिटारींची देवघेव वाढते. पुण्याला शिकायला गेलेल्या आणि नोकरी लागल्यावर माळ्यावर पडलेल्या गिटारी तासगाव, विटा, कराडपर्यंत हात बदलतात. जाहिरातीची भाषा ठरलेली: ‘कंडिशन टकाटक’, ‘एकहाती वापर’, ‘विंटेज पीस’, ‘ओरिजनल, चायना नाही’. यातल्या एकाही शब्दावरून गिटार कोणती हे कळत नाही. ‘चायना नाही’ हे तर कौतुकही नव्हे. चीन आणि इंडोनेशियातल्या कारखान्यांतून आज चांगल्यापैकी गिटारी येतात.

आधी नावांचा घोळ. फेंडर ही अमेरिकन कंपनी, तिची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. स्क्वायर हा तिचाच स्वस्त ब्रँड, गिटारींवर १९८२ पासून दिसतो. गिब्सन ही दुसरी अमेरिकन कंपनी, तिची लेस पॉल १९५२ ची. एपिफोन ही कंपनी गिब्सनने १९५७ मध्ये विकत घेतली, त्यामुळे ‘एपिफोन म्हणजे गिब्सनच’ हे वाक्य मालकीपुरते खरे आणि किमतीपुरते खोटे. गिवसन हे कोलकात्याचे वेगळेच नाव, त्याचा गिब्सनशी संबंध नाही. शिवाय ‘स्ट्रॅट’ आणि ‘लेस पॉल’ ही आता आकारांची नावे झाली आहेत. आपल्याकडे कुठल्याही मोपेडला एके काळी लूनाच म्हणत, तसे. विकणारा ‘स्ट्रॅट आहे’ म्हणाला तर तो खोटे बोलत नाही, पण ती फेंडर आहे असेही तो म्हणालेला नाही.

सिरियल नंबरावर लोकांचा फार विश्वास. चार स्क्रूंनी नेक (तारा दाबतो ती लांब दांडी) बसवलेल्या गिटारीवर मागे एक पत्र्याची पट्टी असते, काही वेळा नंबर तिच्यावर कोरलेला असतो. ही पट्टी म्हणजे गाडीची नंबरप्लेट. एमएच १० ची पाटी काढून एमएच ११ ची लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच ती बदलते, आणि गिटारीला ना आरसी बुक ना चेसिस नंबर. डोक्यावर, रंगाच्या थराखाली असलेला नंबर त्या मानाने बरा. पण तोही नेकचा नंबर, बॉडीचा नव्हे. चांगली नेक स्वस्त बॉडीला जोडून ‘अख्खी फेंडर’ म्हणून विकणे अवघड काम नाही.

नंबर वाचायचा तरी कसा? मेक्सिकोत बनलेल्या फेंडरवर ‘एमएन’ असेल तर एम म्हणजे मेक्सिको, एन म्हणजे नव्वदचे दशक, पुढचा आकडा वर्षाचा. एमएन९ म्हणजे १९९९. एमझेड३ म्हणजे २००३. २०१० पासून ‘एमएक्स१०’ अशी सुरुवात होते. अमेरिकन फेंडरवर याच क्रमाने एन, झेड आणि मग ‘यूएस१०’. एखादे वर्ष इकडेतिकडे होते, कारण नेक आणि बॉडी एकाच दिवशी तयार होत नाहीत. इंडोनेशियन स्क्वायरवर ‘आयसीएस’ दिसते, त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. इंडोनेशियात बनलेल्या इबानेझवर (हा जपानी ब्रँड) ‘आय’ आणि मग दोन आकडे वर्षाचे, दोन महिन्याचे. अलीकडच्या एपिफोनवरही पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन कारखान्याचे. गिब्सनची १९७७ ते २००५ ची पद्धत जरा गमतीची आहे. आठ आकड्यांतला पहिला आणि पाचवा मिळून वर्ष होते, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस ते कळते. ८२७६५५०१ असा नंबर असेल तर वर्ष १९८५ आणि दिवस २७६ वा, म्हणजे ३ ऑक्टोबर. १९९४ चे ‘९४’ ने सुरू होणारे नंबर या पद्धतीत बसत नाहीत; ते सोडून दिवसाच्या जागी ४१२ आले तर पुढे बोलायची गरज नाही.

पण नंबर इंटरनेटवर टाकला आणि ‘बरोबर’ आला, याचा अर्थ एवढाच की नंबराची रचना बरोबर आहे. नकली माल करणारे एका खऱ्या गिटारीचा नंबर घेऊन तोच शेकडो गिटारींवर छापतात. म्हणून नंबर साक्षीदार म्हणून बघावा, न्यायाधीश म्हणून नव्हे.

त्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. नटपासून (डोक्याच्या सुरुवातीला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचे (पडदा म्हणजे फ्रेट, नेकवरची धातूची आडवी पट्टी) अंतर मोजा आणि दुप्पट करा. फेंडर स्ट्रॅटवर ते ३२४ मिमी, म्हणजे पूर्ण लांबी ६४८. लेस पॉलवर सुमारे ३१४, म्हणजे ६२८. लेस पॉलच्या आकाराची गिटार ३२४ दाखवत असेल तर डोक्यावर काहीही लिहिलेले असो, ती नेहमीची गिब्सन लेस पॉल नाही. दुसरी गोष्ट डोक्याचा कोन. स्ट्रॅटचे डोके नेकच्या सपाटीला समांतर असते, म्हणून बारीक तारा खाली दाबायला डोक्यावर छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात. लेस पॉलचे डोके मागे झुकलेले असते, त्याला त्या लागत नाहीत.

नकली लेस पॉल ओळखण्याच्या तीन जागा आम्ही न चुकता बघतो. पहिली ट्रस रॉडवरचे (नेकच्या आत तिला सरळ ठेवणाऱ्या धातूच्या दांड्यावरचे) झाकण. गिब्सनच्या झाकणाला दोनच स्क्रू असतात, एक वर आणि एक खाली. तीन दिसले की शंका घ्या. दुसरी, ते झाकण काढल्यावर आत दिसणारा रॉडचा नट. गिब्सनमध्ये बाहेरून पाना बसणारा पितळी षट्‌कोनी नट असतो, ५/१६ इंचाचा. आत अ‍ॅलन की घालायचे भोक दिसले तर ती गिब्सन नव्हे. तिसरी जागा नेकची पाठ. गिब्सनचे डोके आणि नेक एकाच लाकडातून कापलेले असते (१९७०च्या दशकात उभ्या तीन पट्ट्यांचे), फक्त डोक्याच्या दोन्ही कडांना छोटे कान चिकटवलेले असतात. डोक्याजवळ किंवा नेकच्या मध्याला तिरपा सांधा दिसला तर ते स्वस्त पद्धतीचे बांधकाम आहे. एपिफोनवर तो असतोच आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते वर गिब्सन लिहिणे.

‘लॉसूट गिटार’ या शब्दाचीही हवा काढली पाहिजे. १९७७ मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर डोक्याच्या आकारावरून दावा लावला होता. एवढ्या आधारावर सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक जपानी नकलेला लॉसूट म्हणून दुप्पट भाव लावतात. त्यातल्या काही सुरेख आहेत, काही प्लायवुडच्या आहेत. दाव्याने लाकूड सुधारत नाही.

लाकडावरून वय काढता येते, आणि इथे आपल्या भागातल्या लोकांना जरा वरचढ ठरायला वाव आहे. फ्रेटबोर्डसाठी (नेकवरची, पडदे बसवलेली फळी) भारतीय शिसव जगभर जाते. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधने आली, ती तयार वाद्यांपुरती नोव्हेंबर २०१९ मध्ये सैल झाली. मधल्या काळात कंपन्यांनी स्वस्त गिटारींवर दुसरी लाकडे लावायला सुरुवात केली, त्यात ‘इंडियन लॉरेल’ आहे. हा लॉरेल म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत सगळीकडे दिसणारा, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. ऐनाचा बोर्ड शिसवीपेक्षा फिकट, करड्या तपकिरी रेषांचा आणि जरा कोरडा दिसतो. एखाद्या स्क्वायरवर किंवा एपिफोनवर तो दिसला आणि विकणारा ‘२००९ ची आहे’ म्हणत असेल तर दोन्हींपैकी एक गोष्ट चुकते आहे. बॉडीचे म्हणाल तर सतारी-तंबोऱ्याला लागणारे तून हे महोगनीच्याच कुळातले झाड. तरीही सॉलिड बॉडीच्या गिटारीत लाकडाने आवाज किती बदलतो यावर रात्रभर भांडणाऱ्यांना आम्ही आधी तारा बदलायला सांगतो.

बॉडी एकसंध आहे की प्लायवुड, हे मागचे स्प्रिंगचे झाकण उघडले की कळते. कोरलेल्या कडेवर रंग पातळ असतो, तिथे थर मोजता येतात. प्लायवुडची गिटार वाजत नाही असे नाही. पण तिचे स्क्रू लवकर सैल होतात आणि पुन्हा विकताना तिला भाव नाही.

आता सांगलीपुरती खास बाब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तळमजल्यांवरच्या कपाटांत, क्लासमध्ये, दुकानांच्या गोदामांत वाद्ये होती. पुरात भिजलेली गिटार पुसून, वाळवून, नव्या तारा घालून बाहेरून छान दिसते. तिचे दुखणे आत असते. पिकगार्डचे (बॉडीच्या पुढच्या पातळ पट्टीचे) दोन स्क्रू काढून टोक बघा. डोके चकचकीत आणि आटे गंजलेले असतील तर पाणी वरून नाही, आतून आले आहे. पोकळीच्या कोपऱ्यात बारीक पिवळट गाळ बसलेला असतो, तो फुंकरीने जात नाही. नेक बसते त्या खाचेत बॉडी फुगलेली असते, रंगाला केसासारख्या भेगा पडतात. बॅगेच्या अस्तराचा वासही घ्या. सगळ्यात फसवे म्हणजे पिकअप, तारांचा कंप विजेत बदलणारा भाग. आतली तांब्याची तार केसाइतकी बारीक असते. एका ठिकाणी हिरवा गंज चढला की ती आज चालते आणि चार महिन्यांनी बंद पडते. भिजलेली गिटार घेऊच नये असे नाही. लाकूड सुकून स्थिर झालेले असेल तर सुट्या भागांच्या भावाने घ्या आणि पिकअपची किंमत शून्य धरा.

प्रत्यक्ष हातात आली की पहिले काम नेक. गिटार उचलून डोक्याकडून ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाकडे) एक डोळा मिटून बघा, सुतार फळीची धार बघतो तशी. दोन्ही कडा सारख्या वळत असतील तर ते ट्रस रॉडने जुळते. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी असेल तर नेकला पीळ आहे, आणि पिळाला स्वस्त औषध नाही. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांतली फट बघा. साधारण ०.२ ते ०.३ मिमी हवी, चांगल्या जाडीचे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. गॅरेजवाले वापरतात ते फिलर गेज असेल तर उत्तम. फट अजिबात नसेल तर नेक मागे वळली आहे, एक मिलिमीटर असेल तर पुढे. दोन्ही गोष्टी रॉड फिरवून सुधारतात, पण रॉड फिरतो का हे बघूनच पैसे द्या. विकणाऱ्यासमोर, त्याच्या परवानगीने, तारा थोड्या सैल करून पाव फेरा, त्याहून जास्त नाही. रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला आणि नेक तरीही पुढे वाकलेली असेल तर उठून चहा प्यायला जा. १० ते ४६ नंबरच्या तारांच्या सेटचा एकूण ताण साधारण ४६ किलो असतो. तो पेलण्याची ताकद संपलेली नेक उद्याही सरळ होणार नाही.

इथेच पान्यांचा घोळ होतो. अमेरिकन फेंडरच्या रॉडला बहुतेक वेळा १/८ इंचाची अ‍ॅलन की लागते, म्हणजे ३.१७५ मिमी. घरातली ३ मिमीची की आत जाते, फिरतेही, आणि दोन वेळांत षट्‌कोनाचे गोल भोक करून टाकते. सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तारेखालच्या लहान तुकड्याच्या) बारीक स्क्रूंचेही तसेच. पूर्वेकडच्या बहुतेक गिटारींना १.५ मिमी लागते, अमेरिकनना ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. असे चुकीचे पाने फिरवणारा आपल्याआधी कोणी येऊन गेला का, हे भोकांत टॉर्च मारून बघा. याचा उलटा उपयोगही होतो. ‘मेड इन यूएसए’ लिहिलेल्या स्ट्रॅटच्या सॅडलमध्ये १.५ ची की घट्ट बसली, तर निदान ब्रिज तरी यूएसएचा नाही.

पडद्यांची झीज पहिल्या तीन-चार घरांत, बारीक तारांखाली दिसते. नवा मध्यम-मोठ्या मापाचा पडदा १.१ ते १.२ मिमी उंच असतो. थोड्या खाचा घासून सपाट करता येतात, पण उंची ०.७ च्या खाली गेली की घासायला धातू उरत नाही, पडदे बदलावे लागतात आणि स्वस्त गिटारीत तो खर्च गिटारीच्या जवळ जातो. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून बघा, खरोखर प्रत्येक. चौदाव्यानंतर आवाज दबत असेल तर नेकच्या बुडाशी उंचवटा आला आहे. एप्रिल-मेमध्ये बोर्ड आखडतो आणि पडद्यांची टोके बोटाला टोचतात. ते भावात घासाघीस करायला ठीक आहे, दोष म्हणून मोठे नाही, कानशीने अर्ध्या तासात जाते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची जाड तारेला २ मिमी, बारीकेला १.५ च्या आसपास असावी. जास्त असेल तर सॅडल खाली करून बघा. सॅडल तळाला टेकलेले असूनही तार उंच असेल तर नेकचा बसण्याचा कोन चुकलेला आहे. स्क्रूच्या नेकला पातळ पाचर देता येते, चिकटवलेल्या नेकला नाही.

लेस पॉल जातीच्या गिटारीत एक जागा बोटाने चाचपून बघायची: नटच्या मागे, डोके वाकते तिथे. महोगनीचे लाकूड तिथे ट्रस रॉडच्या खाचेमुळे पातळ होते आणि गिटार उताणी पडली तरी तिथूनच तुटते. टॉर्च आडवी धरली की जोडलेली भेग केसासारखी दिसते, रंग दिलेला असेल तर तो भाग बाकीच्यापेक्षा जरा जास्तच गुळगुळीत लागतो. नीट जोडलेले डोके वर्षानुवर्षे वाजते. पण भाव निम्म्यावर येतो, आणि न सांगता विकणे ही फसवणूकच.

विजेची बाजू तपासायला अँप (अँप्लिफायर) नसला तरी चालते, चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गिटारीत केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मीटर २० किलोओमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या शेंड्याला एक व दांडीला एक अशा दोन्ही सुया लावा. स्विच एकेका पिकअपवर नेत वाचा. स्ट्रॅटचा एककॉइली पिकअप साधारण ५.५ ते ७ दाखवतो, लेस पॉलचा हंबकर (दोन कॉइलींचा पिकअप) ७ ते ९, जास्त आउटपुटचा १२ ते १६. स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप समांतर जोडले जातात, तिथे आकडा निम्म्यावर, तीनच्या आसपास यायला हवा. तो एकट्या पिकअपइतकाच राहिला तर दोघांपैकी एक जोडलेलाच नाही. मीटरने आकडा न दाखवता नुसता ‘१’ दाखवला तर रेंज २ मेगाओमवर न्या. तिथे २५० किंवा ५०० किलोओम आले तर पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) आणि जॅक (केबल घालायची जागा) ठीक आहेत, पिकअपची तार आत तुटली आहे. तिथेही काहीच आले नाही तर जॅक किंवा त्याची वायर सुटली आहे, दहा रुपयांचे काम. या दोन दोषांत हजारोंचा फरक आहे आणि कानाला दोन्ही सारखेच, शांत, ऐकू येतात. नऊ व्होल्टची बॅटरी लागणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना ही चाचणी लागू नाही.

अँप मिळाला तर प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा. खरखर ही धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. त्यात मशीनचे तेल सोडू नका, धूळ कायमची चिकटते. एककॉइली पिकअपची ५० हर्ट्‌झची गुणगुण हा दोष नव्हे. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे, वाढली तर ब्रिजची वायर तुटलेली असू शकते किंवा घराचीच अर्थिंग गायब आहे. हे मंडपात फार महत्त्वाचे. माइक किंवा अँपची अर्थिंग बिघडलेली असेल तर ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो. वाजवण्याआधी मीटर एसीवर ठेवून एक सुई तारेला, एक माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, त्याहून जास्त दिसले तर वाजवू नका, मंडपवाल्याला बोलवा.

झाकण उघडलेच आहे तर पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचून घ्या. १३७ ने सुरुवात असेल तर ते सीटीएस या अमेरिकन कंपनीचे, पुढचे दोन आकडे वर्षाचे, नंतरचे दोन आठवड्याचे. १३७९१२४ म्हणजे १९९१ चा २४ वा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्यापेक्षा जुनी असू शकत नाही. ‘८८ ची, सगळे ओरिजनल’ अशा गिटारीत हा पॉट निघाला तर एकतर पॉट बदलला आहे किंवा कहाणी. सोल्डरिंगही बघा. कारखान्याचा थेंब गोल आणि चकचकीत, हातचा बहुधा मोठा आणि मळकट.

भावाबद्दल आमचे मत थोडक्यात. चालू मॉडेल, दोष नसलेले, तर नव्याच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत. त्यातून नव्या तारांचे आणि सेटिंगचे पैसे वजा. तारांचा सेट ५०० ते ९०० रुपये, त्यामुळे ‘तारा नव्या आहेत’ हे हजारो वाढवण्याचे कारण होत नाही. सुट्या भागांतून जुळवलेली गिटार वाईट नसते, पण तिचा भाव भागांच्या बेरजेपेक्षा कमीच असतो, कारण पुढचा गिऱ्हाईक नाव शोधतो. अदलाबदल करताना दोन्ही गिटारींचा पैशातला भाव आधी स्वतंत्र ठरवा, मग फरक द्या. ‘माझी अन् तुझी, वर दोन हजार’ अशा सौद्यात कोणी तरी घरी जाऊन हिशेब करतो आणि दोस्ती तुटते. साध्या कागदावर सिरियल नंबर, रंग, बदललेले भाग, माहीत असलेले दोष, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. चोरीची गिटार निघाली तर हाच कागद उपयोगी पडतो.

लांबून येणारी गिटार असेल तर चार फोटो मागा: डोक्याची पाठ, नेकच्या सांध्याची बाजू, उघडलेली पोकळी आणि आजच्या वर्तमानपत्रावर ठेवलेली पूर्ण गिटार. शेवटचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजा गिटार त्याच्याजवळ नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ हा प्रकार जुना झाला तरी माणसे अजून फसतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. चुकून गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. पार्सलने पाठवताना तारा दोन-तीन सूर उतरवा, ट्रेमोलोची (सूर हलवायची) दांडी काढा, नेकच्या खाली आणि डोक्याच्या मागे दोन्हीकडे आधार द्या. खोके आदळले की खुंट्यांच्या वजनाने डोके पुढेमागे झोक घेते, तुटते ते त्यामुळे. स्क्रूची नेक सोडवून पाठवली तर लहान खोके पुरते आणि धोकाही कमी होतो.

आपल्याकडे एक मागणे आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांनी कारागिरांच्या हाताबद्दल भरभरून लिहिले. छोट्या जाहिरातींच्या पानावर येणाऱ्या जुन्या गिटारीसाठी जाहिरातदाराकडून एवढे चारच तपशील मागून घ्यावेत: सिरियल नंबर, कोणत्या देशात बनली, नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये आणि कोणते भाग बदलले. जाहिरातीचे पैसे शब्दावर असतात हे ठाऊक आहे. ‘टकाटक’, ‘विंटेज’ आणि ‘एकहाती’ काढले की तेवढी जागा निघते.

आपले,
काही गिटारवादक आणि दुरुस्ती करणारे,
सांगली-मिरज